बाहेर गेलेलं पाऊल

भाद्रपदात महालक्ष्म्या घरात येतात, घरातून आपल्या मनानं जात नाहीत. तिसऱ्या दिवशी आपण निरोप दिला की मगच जातात. ही गोष्ट सक्करदऱ्यातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत आहे. आणि माझ्या घरात दुसऱ्याच दिवशी, ऐन जेवणाच्या दिवशी सकाळी, पुरणाची डाळ अजून चुलीवर रटरटत होती तेव्हा, देवघराच्या उंबऱ्यापासून समोरच्या दारापर्यंत लाल पावलं उमटलेली होती आणि त्यांची बोटं बाहेरच्या बाजूला होती. आदल्या संध्याकाळी मी स्वतः कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून, मुखवट्यांचं सूप हातात धरून, तुळशीपासून देवघरापर्यंत चालत आत आले होते. आमच्या घरची रीतच तशी. बाकीच्या बाया मूठ बुडवतात, वरून बोटांच्या टिकल्या देतात, झाली लक्ष्मीची पावलं. तसली हातानं काढलेली पावलं आमच्यात चालत नाहीत. घरातल्या मोठ्या सवाष्णीचे पाय लागतात. ती कालची पावलं तिथंच होती, वाळून फिक्की झालेली, आत येणारी. आणि त्यांना खेटून, त्यांना हिणवत असल्यासारखी, ही आजची बाहेर चालली होती. तीही एकाच पायाची. मी चष्मा लावत नाही. माणसं मला त्याच्याशिवाय जेवढी दिसायला पाहिजेत तेवढी दिसतात. पण एवढं लाल मलाही दिसलं.

"शामले! इकडं ये वं. हे काय आहे?"

शामला म्हणजे माझी सून, मधुसूदनची बायको. ती कणकेचे हात तसेच घेऊन आली. ही बाई कुठं बोलावलं की पहिले हात दाखवते, म्हणजे आपण काम करून राहिलो होतो हे समोरच्याला कळावं.

"मले काय माहीत, आत्याबाई. मी तं पहाटेपासून चुलीपाशीच आहो."

"मंग लक्ष्मी आपल्या आपण उठून गेली? तुहं तोंड पाहून?"

आमचे हे ओट्यावर पेपर वाचत होते. जन्मभर कचेरीत दुसऱ्याचे कागद वाचले, आता घरी बसून दुसऱ्याच्या बातम्या वाचतात. तिथूनच म्हणाले, "पडला असंल कोणाचा पाय. पुसून टाक नं वं." पुसून टाक! यांना सगळं पुसता येतं. मी म्हटलं, तुम्ही वाचा तुमचा पेपर, कुठं पूर आला ते पाहा, घरातलं मी पाहतो. आणि शामलाला सांगितलं, "परातीत कालचं कुंकवाचं पाणी आहे. पाय बुडव आन ठेव ह्याच्या बाजूले."

तिनं बुडवला. ठेवला. मला खात्रीच होती. आणि उचलला तेव्हा खाली जे उमटलं ते पाऊल नव्हतंच, ती पोळी होती. अंगठ्यापासून टाचेपर्यंत सरसकट, मधे कुठं जागा म्हणून नाही. फताडी बाई. माणसाचं पाऊल कसं पाहिजे? टाच वेगळी, चवडा वेगळा, आणि मधून मुंगी चालत गेली तर तिला कळूही नये की वरून कोणी गेलं. माझ्या पावलाबद्दल आमच्या पारशिवनीत असंच म्हणत. मला पाहायला सासरचे लोक आले होते तेव्हा माझ्या सासूनं, भागीरथाबाईंनी, माझ्या तोंडाकडे धड पाहिलंही नाही. म्हणाल्या, हिचे पाय धुवा आणि हिला ओसरीवरून चालवा. मी चालले. सारवलेली ओसरी नव्हती, बाबांनी त्याच वर्षी फरशी टाकली होती. मागं वळून पाहिलं तर माझी सासू वाकून माझी ओली पावलं वाचत होती, पोथी वाचावी तशी. मग उठून म्हणाली, ही पोरगी आमची. झालं. चेहरा, रंग, स्वयंपाक, चौथीपर्यंतची शाळा, कशाची विचारपूस नाही. चेहरा काय, तो बाळंतपणानं उतरतो. पाय माणूस जसा आहे तसाच सांगतो. म्हणून मधुसूदनसाठी मी ज्या पोरी पाहिल्या त्या सगळ्या अशाच पाहिल्या, ओल्या पायानं चालवून. कोणाचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यापेक्षा मोठं, म्हणजे नवऱ्याच्या डोक्यावर मिरे वाटणार. कोणाची करंगळी जमिनीला टेकत नाही, म्हणजे घरात टिकणार नाही. नाकारल्या. हिला पाहिलं ती भर वैशाखातली दुपार होती. नागपूरचा वैशाख. फरशी अशी तापलेली की ही चालली आणि मी कमरेवर हात ठेवून वाकेपर्यंत पावलं उडून गेली. पहिलं वाळलं, दुसरं वाळलं, शेवटचं तेवढं दिसलं, ते अर्धं. ही पडवीतून आत निघून गेली होती. पुन्हा चालव म्हणावं तर मधुसूदन माझ्याकडे असं पाहत होता की मी गिळलं. मला कोण्या माणसानं फसवलं नाही अजून. वैशाखानं फसवलं.

तर ती पोळी मी पाहिली आणि म्हटलं, हिचं नाही. मग कोणाचं? मोलकरणीचं? ती तर अजून आलीही नव्हती. शामला मात्र उभीच. पाय पुसायचं सोडून खाली पाहत होती. आधी माझ्या कालच्या पावलाकडे, मग आजच्याकडे, मग परत कालच्याकडे. टाच वेगळी. चवडा वेगळा. मधे मुंगीची जागा.

"आत्याबाई," ती म्हणाली, आणि आवाज इतका खाली आणला की मला चीड आली, "हे पाऊल तुमचं आहे."

"माह्यं? मी काहून बाहेर जाईन कुंकवाच्या पायानं?"

"हे कुंकू नाही न."

मी पहाटे आघाडा तोडायला अंगणात गेले होते, समोरच्या दारातूनच. तोडला, बाहेरच्या नळावर पाय धुतले आणि मागच्या दारानं आत आले. अनवाणीच, देवाच्या कामाला चपला कोण घालतो? मला कुठं काही लागलं नव्हतं. काही चिकट वाटलं नव्हतं. ओलं वाटलं असेल ते दवाचं असेल. म्हणजे आता आठवून पाहते तर दवही वाटलं नव्हतं. भाद्रपदातलं गवत, पाऊस रात्री पडून गेलेला, आणि मी त्या गवतातून चालले ते जसं काही सतरंजीवरून. मी भिंतीला धरून डावा पाय वर केला. गुडघा तेवढा वळत नाही. शामला खाली बसली, मान वाकवून खालून पाहिलं, आणि तिनं तोंडावर कणकेचा हात ठेवला. गालाला कणीक लागली. तशीच लागलेली राहिली.

आता सांगते बिब्याचं. सणाच्या दोन दिवस आधी मी टाचांना बिबा दिला होता. त्यात नवीन काही नाही, माझी आई देत होती, तिची आई देत होती. पाय शेतात फुटतात, पाण्यात फुटतात, टाचेला भेगा पडतात, चवड्यावर कातडं चढतं. बिबा दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा, चर्र होऊन तेल गळायला लागलं की भेगेत सोडायचं. त्याचं माप डब्यात नाही की चमच्यात नाही. चटका हेच माप. चटका बसला की आई म्हणायची, झालं, भरली भेग, आता हालू नको. एकदा पारशिवनीच्या मळ्यात बाभळीचा काटा माझ्या पायात आरपार जायचा राहिला, तेव्हा आईनं दुसऱ्या काट्यानं तो काढला आणि वर बिबा दिला. मी तोंडातून आवाज काढला नाही. माझ्या भावानं काढला, नुसतं पाहूनच. तर यंदाही मी बसले, दिवा लावला, बिबा धरला, तेल सोडलं. चटका येईना. आणखी सोडलं. नाही आला. मी म्हटलं, बिबेसुद्धा भेसळीचे निघाले आता. इतवारीतून मधुसूदननं आणले होते, त्याला चांगलं आणि वाईट काय कळणार, त्यानं हलका माल आणला. तीन-चार बिबे संपवले. चवड्यालाही दिलं, तळवा न पाहता, हाताच्या अंदाजानंच. मग दाभण खाली ठेवून त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि उठले. तो दुकानदार खरा निघाला. बिबेही खरे निघाले. तळव्याला फोड आले होते, ते काल कुंकवाच्या पाण्यात भिजले, आणि आज पहाटे उंबऱ्याशी फुटले. हे सगळं माझ्याच पायाखाली होत होतं आणि मला कोणी सांगितलं नाही. पायानं सांगितलं नाही. घरातल्या सगळ्यांनी माझ्याशी खोटं बोलावं, मला त्याची सवय आहे. पाय तसा नव्हता.

सण मी टाकला नाही. जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. सवाष्णी आल्या, माझ्या पाया पडल्या. एकीचं कपाळ पट्टीला लागलं तेव्हा ती म्हणाली, काय झालं काकू, मी म्हटलं, ठेच. ठेच म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत. शामला वाढत होती आणि दर वाढण्याला माझ्याकडे पाहत होती. किती पोळ्या ठेवू, आत्याबाई? आंबील आधी देऊ की मंग? एवढ्या वर्षांत या बाईनं मला विचारल्याशिवाय मीठ घातलं नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक गोष्ट मी सांगावीच लागेल असंच मी तिला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप दिला आणि मग मधुसूदननं रिक्षा आणली, सदरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे काल मिसरूड फुटलेला पोरगा. भिंतीवर पायाचं चित्र, कातडं सोललेलं, नसा दिसणाऱ्या. खाटकाच्या दुकानात लावलं तर शोभेल असं. त्यानं माझा पाय स्टुलावर घेतला. माझा पाय. लोक पाया पडतात ते वरून, बोटांना हात लावतात आणि कपाळाला नेतात. तळवा कोणी पाहत नाही. तळवा जमिनीचा असतो. हा पोरगा तळव्याला तोंड देऊन बसला आणि म्हणाला, आजी, डोळे मिटा. मी कापूस लावतो, कुठं लागला ते सांगा.

मी डोळे मिटले. मी काही अडाणी नाही. त्याचं स्टूल करकरायचं, तो डावीकडे झुकला की बाहीची फडफड व्हायची. करकरलं की मी म्हणायची, अंगठा. फडफडलं की, टाच. ठोकून देत होते असं नाही, मला खरंच तिथं काहीतरी झाल्यासारखं वाटत होतं. बोट म्हटलं की बोट हाललं असं वाटायचं. सगळं बरोबर आलं असणार असं समजून मी डोळे उघडले.

"मी कापूस लावलाच नव्हता, आजी," तो म्हणाला. कापूस टेबलावर होता. "मी नुसता हालत होतो. आधी लावला तेव्हा तुम्ही काही बोलल्या नाही."

मधुसूदन भिंतीवरच्या चित्राकडे पाहायला लागला. बापाचा मुलगा. वेळ आली की चित्र पाहणार.

मग त्या पोरानं सांगायला सुरुवात केली. रक्तात साखर आहे. हे मला मागंही एकानं सांगितलं होतं, मी त्याला म्हटलं होतं, साखर आमच्या घरी डब्यात असते, आल्यागेल्याला देतो. ही बिमारी गादीवर बसणाऱ्या शेठांची, माझ्यासारखीची नाही. हा म्हणाला, साखरेनं पायाच्या नसा मरून राहिल्या आहेत, तुम्हाला काटा कळणार नाही, निखारा कळणार नाही. जखम खोल आहे. भरली तर भरली, नाहीतर वर चढली की पाऊल काढावं लागंल. असं म्हणाला आणि हातानं माझ्या घोट्यावरून आडवी रेघ मारली, भोपळा कुठून कापायचा ते दाखवावं तशी. बिबा बंद. शेक बंद. गरम पाण्यात पाय घालायचा नाही, पाणी दुसऱ्यानं कोपरानं पाहायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. मी म्हटलं, स्वयंपाकघरात चप्पल? देवघरात? तो म्हणाला, देव पाहत नाही खाली. मी म्हटलं, तुह्या घरचा नसंल पाहत. हसला. दात चांगले होते, पाय बुटात होते, कसे होते कोण जाणे.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," तो म्हणाला, "रोज कोणीतरी तळवा पाहायला पाहिजे. उजेडात, हात लावून. तुम्हाला कळत नाही तर दुसऱ्या कोणाला तरी कळलं पाहिजे. घरी कोण आहे?"

"सून आहे," मधुसूदन म्हणाला. भलत्या वेळी याला तोंड फुटतं.

रिक्षात मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला वाटलं असेल आई पाऊल जाईल म्हणून भ्याली. पाऊल जाईल हे मला कळलं होतं, घोट्यावरची ती रेघ अजून तिथं असल्यासारखी मी खाली पाहत होते. पण मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते, आणि ती गोष्ट या पुरुषांना सात जन्मांत कळायची नाही. माझी सासू मोठी जबर बाई होती. तिच्यापुढं गल्लीतली कुत्री भुंकत नसत. लग्न होऊन आले तेव्हा रोज तिचे पाय चेपायचं काम माझं. मी चेपले. वर्ष गेलं, दोन गेली, आणि मला तिचे पाय पाठ झाले. कुठं दाबलं की तिला झोप येते, कुठं दाबलं की ती कळवळते पण बोलत नाही, सूज कोणत्या दिवशी घोट्याच्या वर आली. तिच्या पोटच्या लेकरांना माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. एकदा पाय माझ्या मांडीवर असतानाच मी म्हटलं, उद्या ज्वारीऐवजी तांदूळ टाकते. विचारलं नाही. सांगितलं. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि परत मिटले. पाय माझ्या हातात होता, काय करणार होती? त्या दिवसापासून घर माझं. लोकांना वाटतं सुना किल्ल्यांनी घर घेतात, भांडून घेतात, मुलगा झाला की घेतात. घर तळव्यातून निघतं. आणि हा सदरचा पोरगा विचारतो, घरी कोण आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पाहायचं ठरवलं. यांचा दाढीचा आरसा घेतला, अंगणाच्या दारात उजेडाला ठेवला, पट्टी सोडली आणि पाय त्याच्यावर धरला. आरशात पहिले आभाळ आलं. मग लुगड्याचा काठ. मग काहीतरी पिवळं, कडेनं काळं, मधे ओलं लाल, एखादं फळ झाडावरच सडावं तसं, आणि मला वाटलं आरशावर काही पडलं आहे म्हणून मी हातानं आरसा पुसला. आरसा स्वच्छ होता. पाय थोडा सरकवला तर ते सरकलं. माझं होतं ते. एवढ्या वर्षांत मी माझा तळवा पहिल्यांदा पाहिला, ज्याची पारशिवनीत वाखाणणी झाली तो, आणि मला तो ओळखू आला नाही. टाच तर दिसेचना. किती वाकवला तरी आरशात माझंच तोंड यायचं, तांबडं झालेलं, फुगलेलं. गुडघ्यात कळ आली. गुडघा शहाणा, अजून सांगतो. हे पेपर घेऊन आले, आरसा पाहिला, मला पाहिलं, म्हणाले, "मी पाहू काय वं?" यांना एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पेपर. मी म्हटलं, आरसा न्या तुमचा. दाढी वाढली आहे.

ते गेल्यावर मी बसून राहिले. पायावर माशी बसली. मला दिसली म्हणून कळलं. ती चालत होती, टाचेकडे गेली, दिसेनाशी झाली. मग कुठं होती मला माहीत नाही. माझ्याच अंगावर एक माशी, आणि कुठं आहे ते मला माहीत नाही. मी तळपायाकडे सगळं लक्ष लावलं, जसं लहानपणी विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट पाहायचो. आवाज आला नाही.

"शामले!"

"आली, आत्याबाई."

ती मोरीवर भांडी घासत होती, ओले पाय घेऊन आली. मी म्हटलं, "पाणी आण कोमट. कोपरानं पाहून आण. आन ते डॉक्टरचं औषध. आन नाक मुरडायचं नाही." तिनं आणलं. समोर बसली, पदर कमरेला खोचला, माझा पाय उचलून मांडीवर घेतला. एवढ्या वर्षांत तिनं माझे पाय चेपले नव्हते. मी चेपू दिले नव्हते. तिनं तो उजेडाकडे वळवला आणि मान खाली घातली. मी तिच्या भांगाकडे पाहत होते. भांग वाकडा होता.

"काय दिसते?"

"टाचेच्या मागून पू आहे. तुम्हाले आरशात नसंल दिसला. बोटाच्या बेचकीत पण एक भेग आहे, नवी."

"मंग काय पाहून राहिली नुसती? हात लाव नं. का किळस येते?"

तिनं वर पाहिलं. "लावलाच आहे, आत्याबाई. केव्हाचा."

मी खाली पाहिलं. तिचा अंगठा माझ्या तळव्यात होता, मधे, जिथून मुंगी जायची तिथं, चांगला दाबून धरलेला. तिनं पुसलं, कोरडं केलं, एकेक बेचकी, घाई नाही, जसं काही तिला दुसरं कामच नाही. औषध लावलं. पट्टी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाली,

"आज संध्याकाळी ज्वारीची भाकर टाकतो सगळ्यायले. तुमच्यासाठी वेगळं काय करायचं, साऱ्यायनंच खावं. पुरण राहिलं ते मोलकरणीले देऊन टाकतो."

विचारलं नाही. सांगितलं.

माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. पुरण कोणाचं, मोलकरीण कोणाची, सगळ्यायले म्हणजे कोणाले. मी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. पाय तिच्या हातात होता.

"उद्या येजो," मी म्हटलं. "याच वेळी."

"रोजच येईन."

येईन म्हणते! जसं काही मी हिला आवतण दिलं. ती पाण्याचं घमेलं घेऊन उठली, मोरीकडे गेली. थोडं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं, आणि ती फरशीवरून आत चालत गेली, एक, मग एक, मग एक. मी चष्मा मागवला. आमचे हे घेऊन आले, म्हणाले, काय पाहायचं आहे? मी म्हटलं, तुम्ही जा. वैशाख नव्हता. हवेत ओल होती, पावलं उडायचं नाव घेत नव्हती. फताडीच आहे ती, माझं काही चुकलं नव्हतं. अंगठ्यापासून टाचेपर्यंत सगळं पाऊल जमिनीला, कुठं जागा सोडलेली नाही, मुंगी सुटायची नाही. मी पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत पाहिली, एकही गाळलं नाही. वाळायला पुष्कळ वेळ लागला.